सुगीतले सभासद

परवा सकाळी गिरणीचं दार उघडलं तर पायरीवर तीन डबे आधीच येऊन बसले होते. पहिल्याचं झाकण काढलं आणि हात आत घालायच्या आधीच कळलं, नवी ज्वारी आली. जुन्या ज्वारीला पोत्याचा आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास असतो. नव्या ज्वारीला उन्हाचा असतो. दाणा अजून ताठ, मुठीत धरला तर बोटांच्या फटीतून निसटायला बघतो. गिरणीत पडताना त्याचा आवाजही वेगळा येतो, जरा चढा. पहिलं पीठ कापडी नळीतून डब्यात उतरलं, मी सवयीनं चिमटीत धरून पाहिलं आणि मला एकदम तीन वर्षांपूर्वीचा फाल्गुन आठवला. त्या फाल्गुनात मी रोज दुपारी स्कूटी काढून, मागं एका बहिऱ्या म्हाताऱ्याला बसवून, तालुक्यातल्या गिरण्या हिंडले होते.

भूमला बाजारतळाजवळ आमची गिरणी आहे. माघ सरत आला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. सगळी माणसं शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, काढणीला रानात. गावात उरतात ती कुत्री, पारावरची म्हातारी माणसं आणि गिरण्या. दुपारी बाराच्या पुढं कुठल्याही गावात शिरा, देवळाची घंटासुद्धा हलत नाही, पण कुठल्या तरी बोळातून गिरणीचा आवाज येत असतो. रानातून आलेल्या माणसांना संध्याकाळी भाकरी लागतेच. आणि गडी सगळे रानात, म्हणून त्या दिवसांत गिरणीवर उभी असते ती बहुतेक बाईच. डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्या, पापण्यांवर पीठ.

गिरणीवाल्यांची आमची तालुक्याची एक संघटना आहे. तेव्हा ती नावापुरतीच होती. एक रबरी शिक्का होता, एक वही होती, आणि जगन्नाथअप्पा होते. अप्पांनी उभा जन्म गिरणीत काढला. त्यात त्यांचे कान गेले, आवाज मात्र राहिला. चालू गिरणीवर मात करून बोलायची सवय लागलेला तो आवाज, देवळात बोलले तरी तसाच आणि दवाखान्यात बोलले तरी तसाच. त्या वर्षी विम्याचे एक साहेब आले आणि अप्पांना म्हणाले, एकेकट्या गिरणीचा अपघात विमा होणार नाही, पण पन्नास गिरण्या एकत्र आल्या तर सगळ्यांचा मिळून होईल. मार्चअखेरपर्यंत यादी द्या. अप्पांनी वही उघडली. तिच्यात एकोणीस नावं होती आणि त्यातली चार माणसं वारलेली होती.

अप्पांच्या गिरणीपुढच्या कडुनिंबाखाली बैठक झाली. दहा-बारा जण जमले. सभासद करायला कोण फिरणार म्हटल्यावर सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. सुगीत कुणाला सवड असते? मी हात वर केला. मला तरी कुठं सवड होती. पण माझ्याकडं कारण होतं आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव विलास. लिहिताना विलास लिहिते, बोलताना ‘अहो’ म्हणते. त्या बैठकीच्या पाच वर्षं आधीपर्यंत गिरणी तेच चालवत. आणि नुसती चालवत नव्हते. गिरणीच्या आत दोन गोल दगड असतात, एक स्थिर आणि एक फिरता. दळून दळून ते गुळगुळीत होतात, मग त्यांच्यावर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. ह्याला आमच्याकडं टाकी लावणं म्हणतात. विलासच्या हातच्या टाकीला तालुक्यात नाव होतं. दूरदूरची माणसं मोटारसायकलवर न्यायला यायची त्यांना. दगडापुढं मांडी घालून बसले की तासन् तास टक् टक् टक्, एका लयीत, आणि खाचा अशा पडायच्या जशा सूर्याची किरणं.

एका दुपारी चालू गिरणीचा पट्टा चाकावरून सरकला. सगळेच करतात तसा त्यांनी तो हातानं ढकलला. बार्शीला नेलं, जीव वाचला, हात वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्या दिवसापासून गिरणी माझ्याकडं आली. ते गिरणीत पाऊल टाकेनात. दुपारभर ओट्यावर बसायचे, गिरणीकडं पाठ करून, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. कुणी नमस्कार केला तर डावा हात छातीशी न्यायचे. छिन्न्या एका जाड फडक्यात बांधून त्यांनी मला गिरणीतल्या फळीवर ठेवायला लावल्या होत्या. पुन्हा मी त्या फडक्याला हात लावायचे नाही. दवाखान्यात किती गेलं ते मी सांगत नाही, पण दुसऱ्या कुणाच्या घरावर ही पाळी आली तर निदान पाठीशी काही असावं, एवढं मला वाटत होतं.

तर मी आणि अप्पा निघालो. सकाळचं दळण उरकून बाराला निघायचं, दिवे लागायच्या आत परत. ईटकडं, पाथरूडकडं, माणकेश्वरकडं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काढलेला शाळू आडवा पडलेला, मध्येच कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या, खळ्यावर मळणी मशीनचा धुरळा. डोंगराच्या उतरणीवर पळस पेटलेला, एकही पान नाही, नुसती फुलं. वारा सुटला की तोंडात कडब्याची कुसळं जायची. मागून अप्पा काहीतरी सांगत असायचे आणि रानातली माणसं वर मान करून बघायची, कारण ते त्यांनाही ऐकू जायचं.

“मंगल, हळू घे, पुढं खड्डा हाय!”

“दिसलाय अप्पा.”

“व्हय, म्याबी तेच म्हणतो!”

गिरणीत पोचलं तरी लगेच बोलता येत नाही. डबा संपेपर्यंत थांबावं लागतं. ते थांबणं मला आवडायला लागलं होतं. भिंतीला टेकून उभं राहायचं, गरम पिठाचा वास घ्यायचा, पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत पीठ तरंगताना बघायचं. डबा झाला की बाई बटण बंद करायची, पट्टा हळूहळू थांबायचा आणि ती फडक्यानं तोंड पुसत विचारायची, “काय काम काढलं?” मी फॉर्म पुढं करायचे. तेवढ्यात त्यावर पिठाचा थर बसलेला. फुंकर मारून वाचावं लागायचं.

पहिल्या आठवड्यात मी सगळीकडं एकच सांगितलं. संघटना काय, विमा काय, हे शब्द बोलून बघितले, बायांच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. मग मी विलासची हकीकत सांगायचे. पट्टा कसा सरकला, त्यांनी कसा हात घातला, मी चुलीपाशी होते, ओरडणं कसं ऐकलं. बाईचे डोळे आपोआप स्वतःच्या पट्ट्याकडं जायचे. मग ती फॉर्मवर सही करायची. दिवसाला तीन-चार सभासद व्हायला लागले. अप्पा खूश. मीही खूश होते, हे कबूल करायला हवं. सांगून सांगून ती हकीकत मला इतकी पाठ झाली होती, की कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हेही ठरून गेलं होतं.

मग एका आठवडी बाजाराच्या दिवशी विलास भाजी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. घेतलं नाही.

“बाजारात एक माणूस भेटला,” ते म्हणाले. “माझ्या वळखीचा नाही. म्हणला, तुमीच का ते बोटं गेलेले? दाखवा की, खरंच तीन गेलीत का.”

मी तांब्या तसाच खाली ठेवला.

“मंगल, तू गावोगाव माझा हात दाखवत फिरायलीस.”

“हात कुठं, झालं ते सांगते फक्त. लोकांना कळावं म्हणून.”

“एकच की ते.”

“मग फिरू नको म्हणता का?”

“फिर की. चांगलं काम हाय. फिरू नको असं मी कुठं म्हणलो? मला संगं घेऊन फिरू नको, एवढंच.”

त्या संध्याकाळी आम्ही कोरड्या चटणीशी भाकरी खाल्ली.  ज्या दुपारबद्दल ते माझ्याशीसुद्धा पाच वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, ती मी तीसएक गिरण्यांत वाटून आले होते. चांगल्या कामासाठी वाटली, हे खरं होतं. पण त्यांची वस्तू त्यांना न विचारता वाटली, हेही खरं होतं. मी म्हणाले, “पुन्हा नाही सांगणार.” त्यांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवसापासून माझी जीभ जड झाली. गिरणीत जायचे, पट्टा थांबायचा, बाई विचारायची काय काम काढलं, आणि माझ्याकडं सांगायला उरलेलं असायचं ते विम्याच्या कागदावरचं. “बघू सुगी झाल्यावर,” बाया म्हणायच्या. “मालक रानात हायती, त्यांना इचारून सांगते.” दोन दिवसांत एकही सभासद झाला नाही. तिसऱ्या दिवशी पाथरूडकडच्या एका गिरणीत मी फॉर्म काढलाच नाही. सहज विचारलं, “तुमच्या गिरणीचा ताप काय आहे?” आणि ती बाई अर्धा तास बोलली. लाइट कधी येते कधी जाते. दगड बोथट झालेत. टाकीवाला तालुक्यात एकच उरलाय, तो सुगी आली की मजुरीला जातो. बोथट दगडानं पीठ तापतं, तापलेल्या पिठाच्या भाकरीला चिरा पडतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, बाईमाणसाला गिरणी जमत नाही. हे सगळं बोलून झाल्यावर तिनंच विचारलं, “तुमी कशाला आला होता?” त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, सभासद करायचा म्हणजे आधी त्याचं ऐकून घ्यायचं. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला मला बारा दिवस आणि नवऱ्याचं मन दुखवणं लागलं.

यादी अठ्ठेचाळीसवर आली तेव्हा मार्चचे चार दिवस उरले होते. दोन गिरण्या कमी होत्या, आणि त्या दोन्ही एकाच गावात, एकाच भिंतीला पाठ लावून होत्या.

गावाचं नाव लिहीत नाही. दोन भावांची आधी एक गिरणी होती. वाटण्या झाल्या, मधोमध विटांची भिंत घातली, थोरल्याला जुनी गिरणी गेली, धाकट्यानं भिंतीपलीकडं नवी बसवली. पुढं थोरला वारला. धाकटा टेम्पो चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळं भिंतीच्या अलीकडं थोरली जाऊ पारूबाई, साठीची, आणि पलीकडं धाकटी शोभा, चाळिशीची. नऊ वर्षं त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. वाटणीत एक तांब्याचा हंडा कुणाकडं जायचा, तिथून ते सुरू झालं होतं म्हणे. भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर मोकळी जागा होती, तिथून इकडचं पीठ तिकडं आणि तिकडचं इकडं उडायचं.

आधी एकदा आम्ही तिथं जाऊन आलो होतो. पारूबाई म्हणाल्या होत्या, “तिचं नाव ज्या कागदावर आसंल, त्याच्यावर माझं नको.” शोभाकडं गेलो तर ती म्हणाली, “अक्कांचं झालं का? मग मला नका धरू.” अप्पांनी तेव्हाच हात टेकले होते. आता मात्र दुसरं गाव उरलं नव्हतं.

दुपारचे दोन वाजले असतील. दोन्ही गिरण्या चालू होत्या. त्या आवाजात पारूबाईंनी आम्हाला पोत्यावर बसायची खूण केली, मला पाणी दिलं, अप्पांना तंबाखू दिली. फॉर्मकडं बघून नाही म्हणून मान हलवली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्या खाली वाकल्या आणि अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलल्या. बोलताना भिंतीकडं बोट केलं.

“काय?” अप्पा ओरडले. “मोठ्यानं बोला!”

पारूबाई पुन्हा वाकल्या. ह्या वेळी मला थोडं ऐकू आलं. आवाज, पट्टा, ती एकटीच असते, असं काहीतरी. अप्पांनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं की नाही ते मला कळेना.

आणि लाइट गेली.

दोन्ही गिरण्या एकदम उतरत गेल्या, पट्टे फटफटत थांबले, आणि गावभर शांतता झाली. बाहेर झाडावर एक होला घुमत होता तोही ऐकू यायला लागला. त्या शांततेत अप्पा, गिरणी चालूच आहे अशा समजुतीनं, आपल्या नेहमीच्या आवाजात माझ्याकडं वळून म्हणाले,

“मंगल, पारूबाई म्हणतेत, शोभाच्या गिरणीचा आवाज महिनाभर झालं बिघडलाय! पट्टा सटकायला आला आसंल म्हणतेत! घरात गडी न्हाय, पोरगी एकटीच उभी राहती, माझ्या जिवाला घोर लागतो म्हणतेत! आधी तिचं नाव घाला, माझं मागनं बघू, पण तिला सांगू नका म्हणतेत!”

पारूबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले.  भिंतीपलीकडं डबा सरकवल्याचा आवाज आला आणि थांबला.  

मग पलीकडून शोभाचा आवाज आला. साधाच, रोज बोलत असल्यासारखा.

“अक्का, पट्टा नवा टाकलाय मागल्या महिन्यात.”

पारूबाईंनी हात खाली घेतले. एकदा माझ्याकडं बघितलं. घशात पीठ गेल्यासारख्या खाकरल्या आणि भिंतीच्या वरच्या फटीकडं तोंड करून म्हणाल्या, “मग आवाज का तसा येतो?”

“दगड बोथट झालाय. टाकीवाला येईना.”

“माझाबी झालाय.”

“ठावं हाय की. तुमच्या पिठाचा करपट वास येतो हिकडं.”

पारूबाई हसल्या. हसता हसता पदर डोळ्याला लावला, तो बराच वेळ काढला नाही. नऊ वर्षं ह्या बायका एकमेकींच्या गिरण्या ऐकत होत्या. एकीला दुसरीच्या गिरणीचा बिघाड कानानं कळत होता, दुसरीला पहिलीचा दगड वासानं. अप्पांना ह्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते मला विचारत होते, “काय झालं? लाइट गेली का?”

 टाकीच्या छिन्न्या माझ्याच गिरणीत होत्या, फळीवर फडक्यात बांधलेल्या. पण मी शब्द दिला होता. म्हणून एवढंच म्हणाले, “आमच्या घरी विचारून बघते.”

घरी आल्यावर मी विलासना सगळं सांगितलं. अप्पांचा आवाज काढून दाखवला तेव्हा ते कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसले. मग मी दगडांचं सांगितलं, आणि तिथंच थांबले. यादीत दोन गिरण्या कमी आहेत, हे मुद्दाम बोलले नाही.  ते रस्त्याकडं बघत बसले.

“दगड किती इंची हायती?” त्यांनी विचारलं.

“मी नाही बघितलं.”

“कमाल हाय तुझी. गिरणीवाली ना तू?”

सकाळी मी दळणात होते तेव्हा ते गिरणीच्या दारात आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. आत आले, फळीपाशी गेले, डाव्या हातानं ते फडकं खाली घेतलं. छिन्न्यांना गंज चढला होता. दारातल्या दगडावर त्यांनी एकेक घासली. मी चालू गिरणी बंद केली नाही, वळून बघितलं नाही, डोळे डब्यावर ठेवले. म्हटलं, आपण बघितलं तर कदाचित ते थांबतील.

त्या दिवशी मला फक्त स्कूटी चालवायची होती. मागं अप्पांच्या जागी ते. शोभाच्या गिरणीत पारूबाई आधीच येऊन बसल्या होत्या, अशा की जणू कालच बसून गेल्या असाव्यात. वरचा दगड उचलून उताणा केला. विलासनी खिशातून उजवा हात काढला. काढावाच लागला, त्याशिवाय दाखवणार कसं? त्यांनी अंगठा आणि करंगळीनं छिन्नी धरून बघितली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती खाली ठेवली, आणि मला वाटलं, झालं, आता उठतील.

ते शोभाकडं वळले. “बसा हितं. मला धरता येत नाही, तुमाला येतंय. मी सांगतो तसं करा.”

“मला न्हाय जमायचं, भाऊ.”

“भाकरी थापता ना? मग जमंल. जोर नाही लावायचा. छिन्नी तिरपी धरा. हां. हळू. हातोडी आपल्या वजनानं पडू द्या.”

पहिला तासभर नुसता भुगा उडाला. शोभाच्या छिन्नीनं वेड्यावाकड्या रेघा पडल्या. विलास उरलेल्या करंगळीनं दगडावर खाच कुठून कुठं जायची ते आखून दाखवत होते, मधून बाहेर, मधून बाहेर. पारूबाई थोडा वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, “सरक गं, माझ्याकडं दे.” त्यांचा हात जास्त स्थिर निघाला. दुपार झाली तेव्हा दोघी जावा एका दगडाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि टक् टक् टक् असा आवाज गिरणीत भरला होता. एकीची लय चुकली की दुसरी थांबायची. मी दारात उभी राहून ऐकत होते. विलासनी चष्म्यावरची धूळ सदऱ्याला पुसली आणि उजव्याच हातानं पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

शोभाची गिरणी चालू केली तेव्हा चार वाजले होते. पहिलं पसाभर पीठ टाकून दिलं, त्यात दगडाची कच असते. मग शाळू ओतला. शोभानं पीठ हातात घेतलं, पारूबाईंनी तिच्या हातातून चिमूट घेतली, बोटांत चोळली.

“गार हाय,” त्या म्हणाल्या. बास, एवढंच.

परतीच्या वाटेवर अर्ध्यात आल्यावर मला आठवलं. स्कूटी थांबवून मी पिशवी उघडली. दोन्ही फॉर्म कोरे. “अहो, सह्या घ्यायच्या राहिल्या!” विलास म्हणाले, “राहू दे. पारूबाईंच्या दगडाला उद्या त्यांच्या त्या टाकी लावणार हायती, त्यांना सवड नाही.”

पण एकतीस तारखेला सकाळी साडेदहाच्या एसटीतून दोघी उतरल्या. शोभानं पारूबाईंचा हात धरला होता. फॉर्मचं काम अप्पांच्या ओट्यावर झालं. मालकाचं नाव ह्या रकान्यात शोभा नवऱ्याचं नाव लिहायला लागली, तेव्हा पारूबाई म्हणाल्या, “गिरणीत उभी कोण राहती? मग लिही की तुझं.” तिनं खोडलं आणि लिहिलं. पारूबाईंनी एकेक अक्षर जोडत सही केली, त्याला एसटीच्या प्रवासाएवढा वेळ लागला असेल. अप्पांनी वहीवर शिक्का मारला आणि जाहीर केलं, “पन्नास!” बाजारतळावरच्या म्हशींनीसुद्धा माना वळवल्या.

यादी त्याच दिवशी गेली, उन्हाळ्यात कागद आले. त्या कागदांची गरज अजून कुणाला पडलेली नाही. पडू नये. पण त्यानिमित्तानं गिरण्या एकमेकींना ओळखायला लागल्या. एखादीची मोटर जळाली तर शेजारच्या गावची तिचे डबे दळून देते. बहुतेकींनी पट्ट्याला जाळी बसवून घेतली. आता सभासद करायला आम्हाला फार हिंडावं लागत नाही, कारण त्या फाल्गुनानंतर बायांचे फोन यायला लागले ते टाकीसाठी. विलास जातात. छिन्नी त्यांना अजूनही धरता येत नाही. ते शेजारी बसतात आणि सांगतात. आमच्या तालुक्यात टाकी लावणाऱ्या बाया आता मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, असं ते स्वतःच म्हणाले परवा, आणि म्हणून झाल्यावर आपल्या हाताकडं बघून हसले. अप्पा थकलेत, आता फिरत नाहीत, पण बैठकीत अध्यक्ष तेच. दुसऱ्या कुणाचं मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही.

आज सकाळी दळणाच्या गर्दीत एक अनोळखी बाई दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या वाशी तालुक्यातून आली होती, दोन एसट्या बदलून, पायाला धूळ. मी गिरणी बंद केली. आत कोपऱ्यात विलास एका दगडाला पाणी मारत बसले होते.

“हितं ते टाकीचे सर असतात का?” तिनं विचारलं.

विलासनी मागं वळून पाहिलं. त्यांना वाटलं, आपल्या पाठीमागं कुणी मास्तर येऊन उभे राहिलेत. मागं नुसती भिंत होती. मी पुढच्या डब्याचं झाकण काढत राहिले.

ते उठले, हात पुसले, आणि बाईला पोत्यावर जागा करून दिली.

“बसा,” ते म्हणाले. “आधी चहा घ्या. दगड किती इंची हाय तुमचा?”